सूर्याचे दोन्ही कान

३ मार्च, सोमवार

आजपासून ही वही. हुकूम खारूचा. "रोज काय चुकलं ते लिहून काढा बाबा, म्हणजे सुधारणा होईल," म्हणाली. मी म्हटलं, साठी उलटलेल्या माणसाने सुधारून कुणाचं भलं व्हायचंय? तर म्हणे, फोटोंचं.

खारू म्हणजे माझी मुलगी. लहानपणी बिस्किटं गालात साठवून ठेवायची म्हणून खारूताई, तिची पुढे खारू झाली. आता नकाशे बनवणाऱ्या कचेरीत चांगल्या हुद्द्यावर आहे, पण गाल तेच आहेत.

खाली माझा स्टुडिओ, वर आमचं घर. अख्खी हयात मी पासपोर्टचे फोटो काढले. चेहरा मधोमध, मान सरळ, तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसणारे, मागे पांढरा पडदा. निम्मं गाव माझ्या स्टुलावर बसून गेलंय. हे बढाई म्हणून नाही, नोंद म्हणून लिहितो. (खरं तर बढाई म्हणूनच. वही माझी आहे.)

खारूचं म्हणणं, तिची आई गेल्यापासून मी घराबाहेर पडत नाही. पडतो की! काल जिना उतरून स्टुडिओत गेलो होतो. पण तिने ऐकलं नाही. तलावाच्या बांधावर काही मंडळी सकाळी सूर्योदयाचे फोटो काढायला जमतात, त्यांच्यात मी रोज जायचं, जमेल तेव्हा संध्याकाळी सूर्यास्तही काढायचा, आणि ती घरी बसून माझ्या चुका काढणार. फोटो काढायला मला शिकवणार. मला!

मी हो म्हटलं, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि ते या वहीपुरतंच. पोरगी हल्ली फार एकटी एकटी असते. संध्याकाळी खोलीचं दार लावून फोनवर हळू आवाजात बोलते. तिला काहीतरी विरंगुळा हवा. माझ्या निमित्ताने चार माणसांत मिसळेल, असा विचार केला.

५ मार्च, बुधवार

पहिला सूर्योदय. गिऱ्हाईक म्हणून सूर्य उत्तम. वेळेवर आला, एकदाही "थांबा हं, जरा केस विंचरतो" म्हणाला नाही. आकाश निरभ्र होतं, म्हणजे पार्श्वभूमी स्वच्छ. मी त्याला व्यवस्थित मधोमध घेतला. उजेड कमी वाटला म्हणून फ्लॅश मारला.

खारू फोटो बघता बघता खुर्चीतून घसरली.

"बाबा, तुम्ही सूर्याला फ्लॅश मारलात?"

"अंधार होता."

"त्याला उजेड कमी पडत होता?"

ती पुढे म्हणाली, "आणि हा काय, पासपोर्ट काढलाय का त्याचा? मधोमध बसलाय, समोर बघतोय. दोन्ही कान दिसतायत."

तेवढ्यावर थांबेल तर ती खारू कसली. लगेच ताईला फोन लावला. ताई माझी थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत राहते. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, त्यामुळे एकीकडची बातमी दुसरीकडे जोडून देण्याची सवय सुटलेली नाही. संध्याकाळी दारात उभी राहून विचारते, "काय रे, सूर्यराव कुठल्या देशाला निघालेत?"

८ मार्च, शनिवार

खारूने कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा आणून दिल्या. फुली-गोळ्याच्या खेळात असतात तशा. सूर्य मधल्या घरात ठेवायचा नाही, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायचा. क्षितिज वरच्या रेघेवर, नाहीतर खालच्या.

"मग मध्ये काय ठेवायचं?"

"काहीच नाही. बघणाऱ्याची नजर फिरायला जागा सोडायची."

आमच्या धंद्यात बघणारा अधिकारी असतो आणि त्याची नजर फिरलेली परवडत नाही. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.

बांधावर आज एका बाईंशी ओळख झाली. दातांच्या डॉक्टर होत्या, आता दवाखाना मुलाकडे सोपवलाय. सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात. काहीही दिसलं की कॅमेरा घेऊन त्याच्या तोंडात शिरतात.

"तुम्ही फार लांब उभे राहता," त्या मला म्हणाल्या.

"तुम्ही फार जवळ जाता. दगडाला कीड लागलीय का बघताय?"

त्यांनी त्यांचा फोटो दाखवला. अगदी पुढे होडीचा ओला दोर, त्याचा एकेक पीळ मोजता येईल इतका स्पष्ट. दोर फ्रेमच्या एका कोपऱ्यातून निघून पाण्यावरून लांब जातो, आणि तो जातो तिकडे वर, एका बाजूला, इवलासा सूर्य. मी म्हटलं, बरा आहे. घरी येईपर्यंत तो दोर डोळ्यांसमोरून हलत नव्हता, पण हे मी त्यांना कशाला सांगू?

११ मार्च, मंगळवार

फोटो नाही. खारूने मला कपडे धुण्याचं यंत्र चालवायला शिकवलं. भाताचं आणि सूपचं प्रशिक्षण गेल्या आठवड्यातच झालं. याचा सूर्योदयाशी काय संबंध असं विचारलं तर म्हणाली, "शिस्त."

स्टुडिओतला पांढरा पडदा मी स्वतः धुतला. आता तो फिकट गुलाबी आहे. नवा आणायला टाकलाय.

१४ मार्च, शुक्रवार

फोकसवरून जुंपली. फोकस डोळ्यांवर धरायचा, एवढं एकच तत्त्व मी आयुष्यभर पाळलं. आता सूर्याला डोळे कुठून आणू? त्याच्यावर फोकस धरला तर कॅमेरा पुढे-मागे, पुढे-मागे करत बसतो. पाण्यावर धरावा तर पाणी स्वस्थ बसत नाही. त्याला "हलू नका" म्हणून उपयोग नाही. शेवटी मी लेन्सची कडी अनंताच्या खुणेकडे पिळली, पार अडेपर्यंत. सूर्य इतका लांब, तेव्हा हिशेब सरळ होता. घरी येऊन बघतो तर सगळं धूसर.

खारू म्हणाली, "अडेपर्यंत पिळली की ती अनंताच्याही पुढे जाते, बाबा. लेन्समध्ये तेवढी सैल जागा ठेवलेली असते. थोडं अलीकडे या."

"अनंताच्या पुढे काय असतं?"

"तुमचा आजचा फोटो."

मग तिने नीट सांगितलं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा. पडद्यावर चित्र मोठं करून बघायचं. काहीतरी ठरलेलं पकडायचं, दगड, पायरी, होडीचं टोक, आणि त्याची कड धारदार होईपर्यंत कडी हळूहळू फिरवायची. "आधी ठरवा, तुम्हाला काय दाखवायचंय," म्हणाली. "सगळंच दाखवायला गेलात की काहीच दिसत नाही."

हे अगदी तिच्या आईच्या आवाजात म्हणाली. ही पण असंच बोलायची, लाकडी पट्टी हातात असल्यासारखं. मला एकदम तिची फार आठवण आली आणि मी चष्मा पुसत बसलो.

१७ मार्च, सोमवार

एका गोष्टीचा छडा लागला. खारूची दाढ दुखते आहे आणि ती माझ्यापासून लपवते आहे.

पुरावे असे. सकाळी ती माझ्याबरोबर बांधावर आली आणि मी ट्रायपॉड उघडेपर्यंत डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन कुजबुजत राहिली. त्यांना फोन नंबर दिला. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी जवळ जाताच दोघी ढगांबद्दल बोलायला लागल्या, आणि आकाशात ढग नव्हता. फोनवरचं ते दार लावून बोलणंही दवाखान्याशीच असणार. शिवाय काल उन्हाळा तोंडावर असताना गुडघ्यापर्यंतचा जाड कोट घेऊन आली. विचारलं तर म्हणे, "सेल होता." दाढदुखीत माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही हे मला अनुभवाने माहीत आहे.

संध्याकाळी मी तिला तोंड उघडायला सांगून बॅटरी मारून पाहिलं. सगळे दात शाबूत दिसले. ती म्हणाली, "बाबा, फ्लॅश नका मारू आता." आणि मग उगाचच माझ्या गळ्यात पडली.

२३ मार्च, रविवार

आज जमलं!

ढग होते म्हणून मी परत फिरत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, ढग आहेत म्हणून तर थांबायचं. तुम्हाला स्वच्छ पडदाच लागतो का प्रत्येक वेळी?" थांबलो. सूर्य यायच्या बऱ्याच आधी ढगांच्या खालच्या कडा पेटायला लागल्या, आधी जांभळट, मग केशरी. इतके दिवस मी सूर्य उगवल्यावर कॅमेरा काढत होतो, म्हणजे पाहुणे जेवून उठल्यावर पानं मांडत होतो. गुडघे टेकून खाली बसलो. पुढे होडीचं टोक घेतलं, त्यावरच्या खिळ्यावर फोकस धरला, क्षितिज वरच्या रेघेवर, आणि सूर्य आला तेव्हा तो उजवीकडच्या कोपऱ्यात आपला आपण बसला. श्वास रोखून बटण दाबलं.

खारू त्या फोटोकडे किती तरी वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरले होते.

"आता तुम्हाला जमायला लागलं, बाबा. आता रोज जाल ना? मी नसले तरी?"

"तू कुठे निघालीस? कचेरीतच ना?"

"हं," म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. दाढ फारच ठणकत असावी. उद्या डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारणार आहे.

२८ मार्च, शुक्रवार

चौकातल्या 'झटपट फोटो'वाल्याने आज मला गाठलं. हा माझा प्रतिस्पर्धी. 'पाच मिनिटांत फोटो' अशी पाटी लावून बसतो, यातच सगळं आलं. मी दुधाची पिशवी घेऊन येत होतो.

"काका, रागावू नका हं," तो म्हणाला, "पण परवा तुमच्या मुलीचा फोटो मी काढला. व्हिसाच्या साइजचा. मला वाटलं, काकांनी स्टुडिओ बंद केला की काय!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्टुडिओच्या माडीवर राहणारी माझी मुलगी, आणि फोटोला या झटपटकडे! म्हटलं, दाखव. त्याने कॉम्प्युटरवर दाखवला. हनुवटी वर. फोकस डोळ्यांऐवजी नाकाच्या शेंड्यावर. डाव्या कानामागे पडद्यावर ही एवढी सावली. मी त्याला तिथल्या तिथे फैलावर घेतलं. दिवा कुठे ठेवायचा, माणूस पडद्यापासून किती पुढे बसवायचा, सगळं कानात ओतलं. तो "हो काका, हो काका" करत राहिला.

तरातरा घरी आलो. जिन्याच्या वळणावर पोहोचलो तेव्हा कुठे 'व्हिसा' हा शब्द माझ्या डोक्यात शिरला. तोवर मी फक्त त्या सावलीचाच विचार करत होतो. पायरीवर बसलो. दूध तापवायचं राहून गेलं.

२९ मार्च, शनिवार

ताईकडे गेलो. काही न बोलता तिने आधी चहा टाकला, त्यावरूनच ओळखलं की हिला सगळं ठाऊक आहे.

"बर्फाच्या देशात काम आहे," ती म्हणाली. "नकाशांचंच. वितळत चाललेल्या डोंगरांचे नकाशे. त्यांनी आपणहून बोलावलंय तिला. तीन वर्षं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू काय म्हणाला असतास?"

"जा म्हणालो असतो."

"तेच. तू जा म्हणाला असतास आणि ती गेल्यावर दार लावून बसला असतास. ते तिला नकोय. बाबा सकाळी आपणहून उठून बाहेर पडायला लागले, चार माणसांत रमले, की सांगेन आणि मगच जाईन, म्हणते. नाही रमले तर जाणार नाही. तो फोटोचा क्लास तिने कशासाठी काढला, तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. दाढेचं तर नाहीच नाही.

मला कळलंय हे खारूला सांगू नकोस, असं ताईकडून कबूल करून घेतलं. तिच्याकडून एवढी अपेक्षा ठेवणं म्हणजे धाडसच, पण पर्याय नव्हता. घरी येताना मात्र सगळं लख्ख दिसायला लागलं. मला फोटो जमले तर ती जाणार. नाही जमले तर नाही जाणार. आणि फोटो माझ्या हातात आहेत.

२ एप्रिल, बुधवार

मुद्दाम वाईट फोटो काढणं वाटतं तेवढं सोपं नाही. आयुष्यभराचं वळण आड येतं. पण मी चिकाटी सोडली नाही. परवा सूर्य मधोमध, दोन्ही कानांसकट. काल तलाव इतका तिरका धरला की पाणी सांडेल असं वाटावं. आज फोकस अनंताच्या पुढे आणि कोपऱ्यात माझा अंगठा.

खारू काळजीत पडली. "मागच्या आठवड्यात तर किती सुंदर येत होते, बाबा."

"वय झालं," मी म्हटलं आणि गुडघा चोळला. गुडघा ठणठणीत आहे.

३ एप्रिल, गुरुवार

गुडघ्याच्या नावाखाली बांधावर गेलो नाही. खारू कचेरीतून लवकर आली. सूप केलं. फोन वाजला तरी उचलला नाही, माझ्याजवळ बसून राहिली. असं घर मला आवडतं. माझं काय चुकलं ते लिहायला ही वही आहे, पण आज काही चुकलं नाही.

६ एप्रिल, रविवार

संध्याकाळी खारू मला ओढून सूर्यास्ताला घेऊन गेली. सूर्यास्त सोपा, म्हणाली, त्याला लवकर उठावं लागत नाही. क्षितिज सरळ कसं धरायचं ते माझा हात हातात घेऊन दाखवत होती. ती सरळ करायची, तिने हात सोडल्यावर मी वाकडं करायचो. पुन्हा सरळ, पुन्हा वाकडं. मला वाटलं चिडेल. चिडली नाही. मी पहिलीत असताना जशा आमच्या बाई माझा हात धरून गिरवून घ्यायच्या, तशी घेत राहिली.

घरी आल्यावर तिच्या खोलीचं दार पुरतं लागलं नव्हतं. कान देऊन ऐकलं असं म्हणता येणार नाही, पण कान काढूनही घेतले नाहीत.

"नाही, मला नाही जमणार बहुतेक," ती फोनवर सांगत होती. "घरी अडचण आहे... नाही, कुणी आजारी नाही. त्यांना एकटं ठेवता येणार नाही, एवढंच... हो, बुधवारची मुदत माहितेय. उद्या-परवा नक्की कळवते."

घरी अडचण, म्हणजे मी.

जिंकलो. जिंकल्यावर माणूस पोटभर जेवतो. मला घास जाईना.

७ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी माझे आठवड्याचे फोटो मागून घेतले आणि एकेक सावकाश पाहिला. मग म्हणाल्या, "तोंड उघडा."

"काय?"

"जुनी सवय. खरं बोला, असं म्हणायचं होतं. नवशिक्याचं क्षितिज एकदा डावीकडे कलतं, एकदा उजवीकडे. तुमचं जिथे जिथे कललंय तिथे एकाच बाजूला आणि तेवढंच कललंय. एवढं नेमकं चुकून चुकत नाही कुणी."

मी ढगांबद्दल बोलायचा प्रयत्न केला.

"गुरुवारी तुम्ही आला नाहीत म्हणून मी बघायला आले होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीला मी तसा शब्द दिला होता. फोन नंबर त्याचसाठी घेतला. रस्त्यावरूनच दिसलात. बाल्कनीत बसून टोस्ट खात होतात, दुखरा पाय मजेत हलवत. आत आले नाही."

मग सुचलं ते वाईटच सुचलं. म्हटलं, "तुमचा मुलगा इथेच आहे. तुम्हाला काय जातंय सांगायला?"

"आहे ना इथेच. दवाखान्यात मला पाऊल टाकू देत नाही. मी मागे उभी राहिले की त्याचा हात थरथरतो म्हणे." त्या हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "मुलं दूर गेली की त्रास होतोच हो. पण मुलगी आपल्यामुळे अडकली तर तो त्रास तिचा, आणि तो बघायला आपण रोज समोर. झेपेल तुम्हाला?"

आम्ही दोघं सूर्य पार वर येईपर्यंत तिथे बसलो होतो आणि दोघांनीही एकही फोटो काढला नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज पहाटे आपणहून जाग आली. बांधावर सगळ्यांच्या आधी पोहोचलो. खालच्या पायऱ्यांवर लाटा येऊन गेल्या होत्या, दगड ओले होते. ओल्यातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर पोट टेकून निजलो. (खोकला आला, तो वेगळा.) पुढची पायरी घेतली, तिच्या कडेवर फोकस धरला, चित्र मोठं करून दोनदा तपासलं. पायऱ्या फ्रेममध्ये खालून वर तिरक्या जातात, जिथे संपतात तिथून पाणी सुरू होतं. सूर्य डावीकडे वर, अजून अर्धाच. ओल्या दगडांवर त्याचा रंग माझ्या कोपरापर्यंत आला होता. क्षितिज फूटपट्टीने आखल्यासारखं सरळ.

घरी आलो. खारू टोस्टला लोणी लावत होती. तिच्यासमोर कॅमेरा ठेवला.

तिने पाहिलं. सुरी खाली ठेवली. "बाबा, हा तुम्ही काढलात?"

"हो. आणि गेल्या आठवड्यातले पण मीच काढले. मुद्दाम."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं. म्हटलं, "त्या झटपटने तुझी हनुवटी वर ठेवलीय. फोकस नाकावर आहे. आणि डाव्या कानामागे सावली. माझ्याकडे का नाही आलीस?"

ती आधी हसली आणि मग हसतच रडायला लागली. "तो फोटो परत आला, बाबा. सावली आहे म्हणून. दुसरा पाठवा म्हणाले, उद्यापर्यंत. पण मी पाठवणारच नव्हते. मी नाही म्हणून कळवणार होते."

"कळवलंस?"

"आज कळवणार होते."

"नको कळवूस. जा तू," मी म्हटलं. "मी दार लावून बसणार नाही. तू गेल्यावर मला फार फार वाईट वाटेल, रोज वाटेल, पण ते मी बांधावर उभा राहून वाटून घेईन."

मग आम्ही दोघं रडलो. टोस्ट करपले. ती म्हणाली, "तलाव वाकडा धरायला किती मेहनत घेतलीत तुम्ही." मी म्हटलं, अंगठा आणायला सगळ्यात जास्त.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी स्टुडिओ उघडला. पडदा नवा, पांढराशुभ्र. खारूला स्टुलावर बसवलं. याच स्टुलावर तिचा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो काढला होता, तेव्हा पाय खाली पोहोचत नव्हते. आज बघतो तर ती माझ्याकडे अगदी शहाण्या गिऱ्हाइकासारखी बघत होती, काय करू सांगा, असं.

"हसायचं नाही," मी म्हटलं. "तोंड मिटून."

तिने तोंड मिटलं आणि तिचे डोळे भरले. ओल्या डोळ्यांचा फोटो चालत नाही. डोळे लाल दिसतात, कडा चमकतात. म्हटलं, थांबू. थांबलो. तिचे डोळे कोरडे झाले तर मला समोरचं दिसेना. मग ती माझ्यासाठी थांबली. अशा पाळ्या चालू होत्या, तेवढ्यात ताई आली, आमच्याकडे बघून म्हणाली, "अरे, व्हिसाची कचेरी बंद व्हायच्या आत आटपा," आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावून बाहेर जाऊन उभी राहिली.

आता जे लिहितोय ते कुणाला सांगणार नाही. दिवा लावताना मनात आलं, हा चार बोटं उजवीकडे सरकवला तर कानामागे हलकी सावली पडेल. इतकी हलकी की खारूला दिसणार नाही, पण तिकडच्या साहेबाला दिसेल. फोटो परत येईल आणि तोवर मुदत टळलेली असेल. आजवर त्या सावलीला हुसकावण्यात जन्म गेला, तेव्हा तिला बोलवायचं कसं हेही मला पक्कं ठाऊक आहे. हात दिव्याच्या दांड्यावर होता. खारू म्हणाली, "बाबा, नीट आहे ना?"

मी दिवा डावीकडे घेतला. तिच्या मागे पडद्यावर बघितलं, सावली नव्हती. तिला थोडं पुढे बसवलं. हनुवटी खाली. फोकस डोळ्यांवर धरला, डाव्या, मग उजव्या, दोन्ही पापण्यांचे केस सुटे सुटे दिसेपर्यंत. म्हटलं, "हलू नकोस," आणि बटण दाबलं.

फोटो छापून खिडकीच्या उजेडात नेला. भिंग लावून कडेकडेने पाहिला. पांढऱ्यावर कुठे डाग नाही, कानामागे काही नाही, डोळे स्वच्छ, नजर सरळ. कुणी कितीही खोट काढायची म्हटली तरी निघणार नाही. मी पुन्हा वरून खाली पाहिला, पुन्हा खालून वर. एक तरी चूक सापडावी म्हणून पाहत होतो.